अफगाणिस्तानशी दोस्ती आणि तासगावचा सौदा

प्रश्न विचारणारे तासगाव तालुक्यातले तरुण बागायतदार आहेत. बाग अडीच एकर, सगळा माल बेदाण्याला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "अफगाणिस्तान मित्रदेश, म्हणून तिथला बेदाणा शुल्क न भरता येतो आणि आमचा भाव पाडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येऊन गेले, काबूलला पुन्हा दूतावास झाला. आता आणखी माल येणार का? माझे पावणेतीनशे बॉक्स स्टोअरेजला आहेत, धरू का विकू? आणि दोन देशांच्या मैत्रीचा भुर्दंड आम्हीच का भरायचा?"

मी सांगलीत बेदाण्याची अडत चालवतो, तीस वर्षं होत आली. मधली सात-आठ वर्षं दिल्लीच्या एका आयातदाराबरोबर अफगाणी मालही केला. काळी मनुका आणि आबजोश (मोठा अफगाणी मनुका), थोडा हिरवा. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, तेव्हा मी अगदी निःपक्षपाती आहे असा दावा करत नाही.

भाऊ, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. सवलत का दिली, हा एक. सवलतीने नक्की किती माल येतो, हा दुसरा. आणि त्या सवलतीचं नाव लावून तिसऱ्याच देशाचा माल आत शिरतो का, हा तिसरा. रागाच्या भरात आपण तिन्ही एकाच पोत्यात भरतो आणि वर 'अफगाणिस्तान' असं लिहितो. माझ्या अनुभवात तुमचा खरा घात तिसऱ्यात आहे, पण तिथवर जायला पहिल्यातून जावं लागतं.

ही सवलत कालपरवाची नाही. भारत-अफगाणिस्तान मैत्रीचा करार १९५० चा. व्यापारात सूट देणारा करार मार्च २००३ चा. त्यात आपण त्यांच्या ३८ वस्तूंना ५० ते १०० टक्के शुल्कसवलत दिली, त्यात सुका मेवा मोठा. २००७ मध्ये अफगाणिस्तान सार्कमध्ये आला, नंतर साफ्टात, म्हणजे सार्कच्या मुक्त व्यापार करारात बसला. २०११ च्या नोव्हेंबरात आपण सार्कमधल्या अल्पविकसित देशांना दारू-तंबाखू सोडून जवळपास सगळ्यावर शून्य शुल्क जाहीर केलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला मनमोहन सिंग आणि अफगाण अध्यक्ष हमीद करझाई यांनी दिल्लीत सामरिक भागीदारीच्या करारावर सह्या केल्या होत्या. अफगाणिस्तानने असा करार कुठल्याही देशाशी केला तो हा पहिला. म्हणजे परराष्ट्रमंत्री मुत्तकी साहेब येऊन गेले म्हणून तुमच्या बेदाण्यावरचं शुल्क उतरलं, असं नाही. ते उतरलं तेव्हा तुम्ही शाळेत असाल. शिवाय शून्य शुल्क देशाला दिलंय, सरकारला नाही. काबूलच्या गादीवर करझाई होते, मग घनी आले, आता तालिबान आहे. त्यांच्या राजवटीला आपण रीतसर मान्यता दिलेली नाही, तरी मेव्याचं खातं चालू आहे.

मग दिली कशाला? नकाशा काढून बसा. अफगाणिस्तानला समुद्र नाही. आपल्याला मध्य आशियात जायला वाट नाही, मध्ये पाकिस्तान. १९९९ च्या डिसेंबरात आपलं विमान पळवून कंदहारला नेलं, तेव्हापासून दिल्लीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की त्या जमिनीवर आपल्याविरुद्ध काही शिजू द्यायचं नाही. त्यासाठी तिथल्या लोकांत आपली पत हवी. २००१ नंतर आपण तिथे ३ अब्ज डॉलरच्या वर खर्च केला, ३४ च्या ३४ प्रांतांत कामं केली. इराणच्या सीमेवरच्या झरंजपासून देलारामपर्यंतचा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या बॉर्डर रोड्सने बांधला. काबूलची संसद बांधली. हेरातमध्ये हरी नदीवर सलमा धरण बांधलं, ४२ मेगावॉट वीज आणि ७५ हजार हेक्टर भिजवण्याची क्षमता. जून २०१६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, नावच 'मैत्री धरण'.

आता हे धरण आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागाच्या चष्म्यातून बघा. म्हैसाळ योजनेचं पाणी कवठेमहांकाळ-जतला पोचलं आणि माळावर बागा उभ्या राहिल्या. पाणी आलं की दोन वर्षांत माणूस विचारतो, आता माल कुठं विकू? हेरात द्राक्षासाठी जुनंच नावाजलेलं. एखाद्याला धरण बांधून द्यायचं आणि त्या पाण्यावर पिकलेलं घ्यायचं नाही, तर ती मैत्री फोटोपुरती. त्यांच्याकडे विकायला आहे काय? द्राक्ष, मनुका, अंजीर, जर्दाळू, बदाम, पिस्ता, केशर, हिंग, गालिचे. त्यातलं आपण घेतलं नाही, तर दुसरं कोण घेतं आणि त्या बदल्यात काय मागून घेतं, याची चिंता दिल्लीला असते. सामरिक सहकार्य म्हटलं की आपल्याला हेलिकॉप्टर दिसतात. तीही आपण दिली, २०१५ च्या अखेरीपासून चार एमआय-२५. पण कंदहारच्या बागायतदाराला हेलिकॉप्टर दिसत नाही. त्याला दिल्लीच्या खारी बावलीतला, मेव्याच्या बाजारातला भाव दिसतो.

बदल्यात आपल्याला काय मिळालं? २००३ च्या करारात त्यांनी आपल्या आठ वस्तूंना सवलत दिली. चहा, औषधं, सिमेंट आणि शुद्ध साखर. साखर वाचून माझा वाळव्याचा मेहुणा खूश झाला होता. "तुमच्या बेदाण्याचं काय व्हायचं ते होऊ दे, आमची साखर जाऊ दे," म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण दोन देशांच्या व्यवहाराचं सगळं मर्म त्यात आहे. जमा एका खात्यात होते, नावे दुसऱ्या खात्यात पडतं, आणि दोन्ही खाती एकाच जिल्ह्यात असू शकतात. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास सौदे बंद ठेवून शून्य पेमेंट करतात, ज्याचं-त्याचं येणं-देणं मिटवून वही कोरी. देशांमध्ये शून्य पेमेंट कधीच होत नाही. वही चालूच राहते, आणि या वहीत सध्या त्यांच्याकडून येणारा माल आपल्याकडून जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे. दोन्ही मिळून उलाढाल वर्षाला साधारण १ अब्ज डॉलर. भारताच्या एकूण व्यापारात ही चिल्लर, पण यातला मेवा एका तालुक्याच्या पिकासमोर येऊन उभा राहतो म्हणून तुम्हाला ती डोंगराएवढी दिसते. तुमचं चुकत नाही.

आता दुसरा प्रश्न, माल किती येणार. मैत्री वाढली की माल वाढला, असं सरळ गणित इथे चालत नाही. मधे वाट आहे. वर्षानुवर्षं अफगाण ट्रक पाकिस्तानातून वाघ्यापर्यंत माल आणायचा, आणि परत जाताना आपला माल भरायची त्याला मुभा नव्हती. रिकामा जायचा. एकेरी भाडं धरून धंदा कसा होतो, हे आपल्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. म्हणून जून २०१७ मध्ये काबूल-दिल्ली हवाई मार्ग सुरू केला. पहिल्या विमानात प्रामुख्याने हिंग आला. इराणच्या चाबहार बंदरातून फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिला अफगाणी माल मुंबईकडे निघाला, २३ ट्रक, ५७ टन. आपल्या सौद्याच्या एखाद्या दिवसाची आवक याच्या कितीतरी पट असते.

पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारी-वाघा सीमा बंद झाली. मधेच अडकलेले सुमारे १६० अफगाण ट्रक मे महिन्यात खास परवानगीने आत घेतले. ऑक्टोबरात, मुत्तकी दिल्लीत होते त्याच आठवड्यात, पाकिस्तान-अफगाण सीमेवर चकमकी झाल्या आणि तोरखम-चमन बंद झालं. म्हणजे दूतावास उघडला त्या सुमारास जमिनीवरची वाट मिटली. उरली इराणची बंदरं आणि विमान. विमानाचं भाडं हिंग, केशर, पिस्त्याला परवडतं. बेदाणा वजनाला जड, किमतीला हलका. तो विमानात बसवला की अडत्याच रडतो. म्हणून 'दूतावास झाला, आता लोंढा येणार' ही भीती मला तरी पटत नाही. अटारी उघडली तर मात्र मी माझं मत त्याच दिवशी बदलीन.

बातमीवर माल धरायची चूक मी स्वतः केलीय, म्हणून सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. माझा दिल्लीच्या माणसाकडे आबजोशसाठी आगाऊ पैसा गेलेला, दिवाळीच्या ऑर्डरचा. माल येणं थांबलं, दिल्लीत मेव्याचा भाव उसळला, आणि पुढच्या सौद्याला आपल्याकडेही बोली तापली. मी म्हटलं, आता अफगाणी माल वर्षभर येत नाही. गिऱ्हाईकं परत पाठवली, शेतकऱ्यांचेही दोन लॉट 'थांबा' म्हणून थांबवले. काही आठवड्यांत ट्रक पुन्हा सुरू झाले. सरकार बदललं होतं, बागा तिथेच होत्या. माझा आबजोश दिवाळी उलटल्यावर आला आणि थांबवलेले दोन लॉट आधीपेक्षा कमी भावाने गेले. त्यातला एक बागायतदार अजून मला भेटला की हसून विचारतो, "काय म्हणतंय काबूल?"

आता तिसरा, खरा प्रश्न. जिल्ह्यातल्या बागायतदारांची आणि व्यापाऱ्यांचीही अलीकडची तक्रार अशी आहे, की चिनी बेदाणा दुसऱ्या देशाच्या नावाने किंवा आडवाटेने येतो. तक्रार मी पोकळ मानत नाही. खारी बावलीत एकदा एका गोदामात मला माल दाखवला. कार्टनवर 'अफगाणिस्तान', आत एकसारखा लांब हिरवा दाणा, देठ स्वच्छ काढलेले, धूळ नावाला नाही. मी काबूलकडचा माल वर्षानुवर्षं हाताळलाय. किशमिशखान्यात, म्हणजे भिंतीला फटी ठेवलेल्या मातीच्या खोलीत, घोस टांगून सावलीत वाळवलेला दाणा. त्याला कुठे देठ राहतो, कुठे बारीक माती, आणि दाणा लहान-मोठा. दाताखाली कधी कचकन वाळूही लागते. आपला दाणा पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर जाळीत वाळवलेला. तळहातावर चोळला की किंचित तेलकट चमक देतो, साल पातळ. कार्टनमधला दाणा या दोन्हींत बसत नव्हता. मी विचारलं, हा कुठला? मालक म्हणाला, "पेटीपे लिखा है ना." मी घेतला नाही. एवढ्यावरून चीनच म्हणता येणार नाही, पण तो कागदावर लिहिलंय तिथला नव्हता, एवढं मी पैज लावून सांगतो.

इथे कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो आपण वापरत नाही. सवलत मिळते ती 'मूळ उत्पादन' त्या देशात झालं असेल तरच, आणि त्याला तिथल्या अधिकृत संस्थेचा उगमाचा दाखला लागतो. शेतमालाचं सोपं आहे, पिकलाय कुठे तो देश. बाहेरून आणून फक्त पेटी बदलली तर उगम बदलत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून आपल्याकडे 'कॅरोटार' नियम लागू आहेत. त्याप्रमाणे नुसता दाखला दाखवून भागत नाही. माल त्या देशातला कसा ठरतो याची माहिती आयातदाराने स्वतः जवळ ठेवायची, पाच वर्षं जपायची, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याने मागितली की द्यायची. शंका आली तर दाखला देणाऱ्या देशाकडे पडताळणी मागता येते, आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर सवलत नाकारता येते. सवलत गेली की त्या मालावर पूर्ण शुल्क बसतं, आणि बेदाण्यावरचं पूर्ण शुल्क जबर आहे. खोटेपणाचा नफा तिथेच संपतो.

म्हणून निवेदन देताना 'अफगाणी बेदाणा बंद करा' असं लिहून नेऊ नका. ते दिल्लीत कोणी वाचणार नाही, कारण त्यांच्या वहीत तो बेदाणा म्हणजे झरंजचा रस्ता आणि चाबहारचं बंदर आहे. द्राक्ष बागायतदार संघामार्फत लिहा, की अमुक बाजारात अमुक नावाने असा माल मिळाला, हा नमुना, हा पेटीचा फोटो, ही बिलाची तारीख, उगम तपासा. सीमाशुल्काला आणि डीआरआयला (महसूल गुप्तचर संचालनालय) अशी ठोस माहिती लागते. नुसता 'मोठ्या प्रमाणात' हा शब्द कुठल्याच फाइलला पुढे सरकवत नाही. आणि काबूलचं म्हणाल तर त्यांच्या बागायतदाराचं नावही यात बदनाम होतंय, म्हणजे उगमाच्या तपासणीत तुमचं आणि त्याचं हित एकच आहे.

आता तुमचे बॉक्स. हे मी फोनवर न बघता सांगतोय, तेव्हा काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडतो. कर्ज किती, व्याज किती, स्टोअरेजचं भाडं कुठवर चढलंय आणि मुख्य म्हणजे रंग कसा टिकलाय. पण एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे. आपला बेदाणा फेब्रुवारी ते मे मध्ये तयार होतो. अफगाण द्राक्षाचा हंगाम आपल्या पावसाळ्यात, तिथला उन्हाळा सरताना, आणि नवा सुका माल आपल्याकडे दिसायला लागतो दसरा-दिवाळीच्या तोंडावर. त्याच वेळी तुमची फळछाटणी. मजुरी, औषधं, खतं, सगळं रोख. म्हणजे ज्या महिन्यात समोरचा नवा माल घेऊन येतो, त्याच महिन्यात तुम्ही पैशासाठी जुना माल बाहेर काढता, आणि तुमच्यासारखेच आणखी शंभर जण काढतात. मग भाव पडला की आपण अफगाणिस्तानला शिव्या देतो. निम्मा दोष कॅलेंडरचा असतो.

मी माझ्या शेतकऱ्यांना तीन हिश्श्यांत विकायला सांगतो. छाटणीला लागणारा पैसा आधीच मोजा आणि तेवढ्याचा माल श्रावण-गणपतीत, नवा बाहेरचा माल दिसायच्या आत काढा. दुसरा हिस्सा दिवाळीच्या मागणीला. तिसरा, फक्त उत्तम हिरवा आणि कर्जमुक्त असला तरच, शून्य पेमेंटनंतर सौदे सुरू होतील तेव्हासाठी. काळपट किंवा रंग उतरलेला माल एक दिवसही धरू नका. आयात कितीही असो, उतरलेल्या दाण्याला कोणी वर चढवत नाही. सौद्यात उधळण (बोलीच्या वेळी माल बघताना सांडला जाणारा बेदाणा) आणि तूट किती जाते ते लिहून ठेवा. एका गिऱ्हाइकाने हिशोब केला तेव्हा वर्षभरात उधळणीत गेलेला बेदाणा बघून त्याला स्वतःलाच धक्का बसला. ते पैसे काबूलने नेले नव्हते.

राहिला शेवटचा मुद्दा, भुर्दंड आम्हीच का. इथे मी तुमच्याच बाजूने आहे. देशाला सामरिक गरज असेल तर तिची किंमत देशाने द्यावी, एका पिकाने नाही. सवलत रद्द करा म्हणण्यापेक्षा त्या सवलतीच्या बदल्यात आपल्या बेदाण्याला सरकारी मागणी द्या, हे म्हणणं जास्त टिकतं. शाळेच्या पोषण आहारात बेदाणा घ्या ही आपल्या भागातली जुनी मागणी याच कारणासाठी मला योग्य वाटते. 'सांगली बेदाणा' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण सौद्यात येणाऱ्या किती बॉक्सवर ते नाव दिसतं? उगमाचा दाखला आपण दुसऱ्याकडे मागतो आणि स्वतःचा छापत नाही.

तुम्ही एवढं कळवा: माल थॉमसन जातीच्या द्राक्षाचा आहे का माणिक चमनचा, कुठल्या महिन्यात शेडवरून उतरला, गंधकाची धुरी किती दिली आणि स्टोअरेजला टाकताना ओल किती होती. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात फोटो काढा, ट्यूबलाइटखाली नको, तिथे सगळाच बेदाणा हिरवा दिसतो.